उपचार संपले, आता बघायचं कोणी?

शेवटचं रेडिएशन झालं की पेशंटच्या हातात एक जाडजूड फाईल येते. डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एक तारीख असते: दोन महिन्यांनी दाखवायला या. माणूस जुन्नरला, ओतूरला, मंचरला, घोडेगावला परत येतो. घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. गावातल्या डॉक्टरांना वाटतं, कॅन्सरचं सगळं मोठ्या हॉस्पिटलात बघतायत, आपण मध्ये कशाला पडा. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना वाटतं, बीपी, शुगर, दात, थायरॉईड हे गावाकडे कोणीतरी बघत असेलच. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो तो असा.

अंतराचा भाग आहेच. मंचरहून पुणे साठेक किलोमीटर, नारायणगावहून पाऊणशे, जुन्नरहून नव्वदच्या पुढे. परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं तर आळेफाट्याहून माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे जावं लागतं. आहुप्यासारख्या पश्चिमेकडच्या गावातून निघालेल्या माणसाचा घोडेगावला पोचेपर्यंतच बराच वेळ गेलेला असतो. डॉक्टरांनी दहा मिनिटं तपासायचं, त्यासाठी दोन माणसांचा रोज बुडतो, वर प्रवास आणि बाहेरचं खाणं. टोमॅटोची तोडणी चालू असेल किंवा पश्चिमेकडे भाताची लावणी आली असेल, तर "पुढच्या महिन्यात जाऊ" असं ठरतं आणि पुढचा महिना येतच नाही. अशा माणसाला निष्काळजी म्हणणं मला पटत नाही. प्रत्येक तपासणीला पुण्या-मुंबईचीच वाट दाखवली, तर वाट चुकणारच. म्हणून आधी हे बघू की कॅन्सरनंतर नेमकं काय काय बघायचं असतं, आणि त्यातलं किती गावाजवळ होऊ शकतं.

लोकांच्या मनात फॉलोअप म्हणजे एकच गोष्ट असते: गाठ परत आली का, एवढं बघणं. ते महत्त्वाचं आहेच, पण त्याच्या जोडीला आणखी कामं असतात. झालेल्या उपचारांचे परिणाम कधीकधी महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतात. ते वेळेत ओळखावे लागतात. चालू राहिलेली औषधं नीट घेतली जातायत का, हे बघावं लागतं. एकदा कॅन्सर झालेल्या माणसाला दुसऱ्या जागी नवा कॅन्सर होऊ शकतो, विशेषतः तंबाखू-मिश्री सुटलेली नसेल तर. आणि त्या माणसाला इतर सगळ्यांसारखा मधुमेह, बीपी, हृदयविकार होतोच. कॅन्सरच्या धसक्यात शुगरकडे वर्षभर कोणी बघितलंच नाही, असं सहज घडतं.

यातलं तज्ज्ञांनीच करायचं असं काम मोजकं आहे. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरनंतर दुर्बिणीने आत बघणं, स्तनाच्या कॅन्सरनंतर वर्षातून एकदा मॅमोग्राफी आणि तिचा अर्थ लावणं, आतड्याच्या कॅन्सरनंतर कोलोनोस्कोपी, संशय आला तर स्कॅन आणि तुकडा काढून तपासणी. बाकीचं पुष्कळसं, म्हणजे हाताने तपासणं, वजन करणं, रक्त तपासणं, औषध चालू ठेवणं, लक्षण ऐकून घेणं आणि शंका आली की लगेच वर पाठवणं, हे फॅमिली डॉक्टर करू शकतात. फक्त काय बघायचं ते त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

न सांगितल्याने काय होतं, त्याचं एक उदाहरण. थायरॉईडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या काही रुग्णांना थायरॉक्सिनची गोळी मुद्दाम थोडी जास्त देतात. रक्तातलं टीएसएच खाली राहावं, म्हणजे उरल्यासुरल्या पेशींना चालना मिळू नये, हा त्यामागचा हेतू असतो. आता हा रुग्ण नारायणगावच्या लॅबमध्ये रक्त तपासतो. रिपोर्टमध्ये टीएसएच कमी असल्याची खूण येते. डॉक्टर नेहमीच्या पद्धतीने विचार करून गोळी कमी करतात. त्यांचं काही चुकलेलं नाही. समोरच्या कागदावरून कोणीही तेच केलं असतं. चूक एवढीच की "याचं टीएसएच या मर्यादेत ठेवायचं आहे, डोस आम्हाला विचारल्याशिवाय बदलू नये" ही एक ओळ त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या टॅमॉक्सिफेनचंही तसंच. ही गोळी पाच वर्षं, काहींना दहा वर्षंही घ्यायची असते. तिसऱ्या वर्षी दुकानात मिळाली नाही, किंवा अंगातून वाफा निघतात म्हणून बाईने बंद केली, आणि कोणी विचारलंच नाही, तर गाठ परत येण्याचा धोका वाढतो. नैराश्यासाठी किंवा झोप लागत नाही म्हणून कोणी फ्लुऑक्सेटीन किंवा पॅरॉक्सेटीन सुरू केलं, तर टॅमॉक्सिफेनचं शरीरात जे रूपांतर व्हायला हवं ते नीट होत नाही. त्याऐवजी दुसरं औषध देता येतं. पाळी थांबलेल्या बाईला टॅमॉक्सिफेनवर असताना अंगावर रक्त गेलं, तर ते गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचं लक्षण असू शकतं, त्यामुळे तपासणी लांबवायची नाही. टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोलची गोळी चालू असेल तर हाडं विरळ होऊ शकतात. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या घनतेची तपासणी यांकडे लक्ष लागतं.

या सगळ्याची किल्ली एका पानात आहे. फाईल नव्हे, पान. फाईलमध्ये ८० कागद असतात: इंजेक्शनची बिलं, रोजचे रक्ताचे रिपोर्ट, स्कॅनच्या फिल्मा. ओपीडीत तीस पेशंट बसलेले असताना गावचे डॉक्टर त्यातून काय शोधणार? अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००५ साली एक मोठा अहवाल काढला. उपचार संपलेला रुग्ण मधल्या मध्ये हरवतो, हाच त्याचा विषय होता, आणि प्रत्येक रुग्णाला उपचारांचा सारांश आणि पुढची योजना लेखी द्यावी अशी त्याची मुख्य शिफारस होती. आपल्याकडे हे पान आपणहून हातात पडेलच असं नाही. मागून घ्यावं लागतं. शेवटच्या भेटीत सरळ म्हणावं, "डॉक्टर, आमच्या गावच्या डॉक्टरांसाठी एका पानावर लिहून द्या." रेसिडेंट डॉक्टर, नर्स किंवा समाजसेवा विभागातली ताई यासाठी मदत करू शकतात.

त्या पानावर काय हवं, ते गालाच्या कॅन्सरच्या एका काल्पनिक रुग्णाचं उदाहरण घेऊन बघू. वर नाव, वय, हॉस्पिटलचा केस नंबर. मग निदान: डाव्या गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर, कोणती स्टेज, तुकड्याच्या तपासणीचा निष्कर्ष. मग उपचार: ऑपरेशन कधी झालं, जबड्याचं हाड काढलं का, मानेतल्या गाठी काढल्या का. रेडिएशन कोणत्या भागावर, किती दिलं. समजा ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), ३० भागांत, आणि शेवटची तारीख. सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध किती वेळा. त्यानंतर येतो तो खरा कामाचा भाग: कोणती तपासणी, कधी, आणि कोणी. शेवटी कोणत्या लक्षणाला थांबायचं नाही आणि फोन कोणाला करायचा. खासगी मोबाइल मिळाला नाही तरी विभागाचा नंबर आणि ओपीडीचा वार एवढं तरी हवंच.

हा रुग्ण गावी आल्यावर पुढे काय होतं ते जरा सविस्तर बघू, कारण तंबाखू आणि मिश्रीमुळे तोंडाचा कॅन्सर आपल्या भागात नेहमी दिसणारा आहे. तोंडाचा कॅन्सर परत येणार असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत येतो. म्हणून पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत चार ते आठ महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तपासणी, असा साधारण क्रम असतो. यातल्या प्रत्येक भेटीला परळ गाठायचं म्हटलं तर माणूस थकेल. तज्ज्ञांची संमती असेल तर एक भेट तिकडे आणि मधली एक इकडे, अशी वाटणी करता येते. इकडच्या भेटीत डॉक्टर चांगल्या उजेडात तोंड बघतात, बोटाने चाचपतात, मानेच्या दोन्ही बाजूंना गाठ लागते का ते बघतात आणि वजन घेतात. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, नवा पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत नवी गाठ, यातलं काही दिसलं की तारखेची वाट न बघता वर पाठवतात.

मानेवर रेडिएशन झालेलं असेल तर थायरॉईड हळूहळू मंदावू शकतं. सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच बघायचं, आणि ही तपासणी तालुक्यात होते. अंगाला सूज, सारखी झोप, कंटाळा, बद्धकोष्ठ, याला घरचे "आजारपणातला अशक्तपणा" म्हणतात आणि टॉनिक आणतात. असू शकतं ते थायरॉईड.

दातांचं तर फारच जपावं लागतं. जबड्यावर रेडिएशन झाल्यावर तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तो आयुष्यभर कमीच राहतो. पाच वर्षांनी दात दुखला, जवळच्या दवाखान्यात उपटून घेतला, तर ती जखम न भरता हाड उघडं पडू शकतं आणि सडत जाऊ शकतं. म्हणून त्या पानावर ठळक अक्षरात लिहिलेलं हवं: आम्हाला विचारल्याशिवाय दात काढू नये. दंतवैद्याकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोलायचं.

तोंड उघडण्याचा व्यायाम रोज, कंटाळा न करता. उभी तीन बोटं दातांच्या मध्ये गेली पाहिजेत, हे घरी बघायचं माप. लाळ कमी झाल्यामुळे भाकरी कोरडी गिळवत नाही. कालवणात कुस्करून, सोबत पाण्याचे घोट घेत खायची. एवढं करूनही महिन्याला वजन उतरतच असेल तर ते "खाणंच जात नाही हो" म्हणून सोडून द्यायचं नाही.

सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला आणि कानांना त्रास देऊ शकतं. लावणीच्या दिवसांत कंबर धरली की डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेऊन कामाला लागायची आपल्याकडे पद्धत आहे. या माणसाने तसं करायचं नाही. आधी क्रिएटिनिन बघायचं, आणि डॉक्टरांनी दुसरं काही द्यायचं. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमो झालेल्यांच्या तळपायांची जाणीव कमी होऊ शकते. भातखाचरात अनवाणी उतरलं आणि काटा रुतला तर कळत नाही. त्यातून मधुमेह असेल तर जखम चिघळायला वेळ लागत नाही. रात्री झोपण्यापूर्वी तळपाय उजेडात बघायची सवय घरातल्या कोणीतरी लावून द्यावी.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजू शकतो. द्राक्षबागेत, टोमॅटोत काम करणाऱ्या बाईला ओरखडे रोजचेच. त्या हातावर लालसर चट्टा पसरायला लागला, हात गरम लागला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. हे काम पुण्याचं नाहीच, कोपऱ्यावरच्या दवाखान्याचं आहे. दुसरीकडे, काहीच त्रास नसताना दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन आणि ट्यूमर मार्कर करून घ्यायचा आग्रह काही घरं धरतात. लवकर टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरनंतर, लक्षणं नसताना, अशा तपासण्यांनी आयुष्य वाढत नाही. नियमित अंगतपासणी आणि वर्षाची मॅमोग्राफी एवढं पुरतं. आतड्याच्या कॅन्सरचं वेगळं आहे. तिथे सीईए ही रक्ताची तपासणी सुरुवातीला तीन ते सहा महिन्यांनी करतात, आणि रक्त इकडे देऊन रिपोर्ट तिकडे पाठवला तरी चालतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला रेडिएशन झालेल्या बाईला महिन्यांनी, वर्षांनीही शौचातून रक्त जाऊ शकतं. मूळव्याध समजून परस्पर उपचार करू नयेत.

आता गावाजवळ आहे कोण, ते बघू. गावोगावचे खासगी डॉक्टर बरेचसे बीएएमएस किंवा बीएचएमएस आहेत. केमोथेरपी त्यांच्या शिक्षणाचा भाग नव्हती, पण ते पेशंटचं घर ओळखतात, सून कोण, मुलगा कुठे असतो हे त्यांना माहीत असतं, आणि वजन उतरलेलं त्यांच्या आधी लक्षात येतं. तळेघर किंवा मढसारख्या ठिकाणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी असतात. जुन्नर, नारायणगाव आणि घोडेगावला ग्रामीण रुग्णालयं आहेत, मंचरला उपजिल्हा रुग्णालय. बीपी-शुगरची औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळतात. तीस वर्षांपुढच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी करणं हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे, म्हणजे आशाताईंना ही तीनही नावं नवी नाहीत. त्यांच्या वहीत उपचार झालेल्यांची पुढची तारीख लिहिली गेली तर घरी येऊन आठवण करणारं माणूस मिळतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार झाले असतील तर फॉलोअपमधलं काय योजनेत बसतं, हे त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आणि कॅन्सरच्या रुग्णांसाठी एसटीची वेगळी सवलतही आहे. तिचा दाखला हॉस्पिटलातून घ्यावा लागतो.

डॉक्टरांनी डॉक्टरांशी बोलणं हा सगळ्यात कच्चा दुवा आहे. मार्च २०२० पासून आपल्याकडे टेलिमेडिसिनची अधिकृत नियमावली आहे, आणि एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचा दूरवरून सल्ला घेणं तिच्यात बसतं. ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर आरोग्य केंद्रातून तज्ज्ञांशी बोलता येतं. पण पेशंटच्या हातून जाणारी चिठ्ठी अजूनही सगळ्यात भरवशाची. गावच्या डॉक्टरांनी चार ओळी लिहाव्यात: वजन इतकं, टीएसएच इतकं, बीपीची ही गोळी सुरू केली, डाव्या बाजूला गाठीची शंका आहे. तज्ज्ञांनी त्याच कागदाच्या मागे चार ओळी लिहून परत पाठवाव्यात. कोणतीही पुडी, काढा, भस्म चालू असेल तर तेही त्यावर यावं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

फॅमिली डॉक्टरांवर फॉलोअपचं हे काम सोपवणं सुरक्षित आहे का, ही शंका रास्त आहे. कॅनडात डॉ. इव्हा ग्रुनफेल्ड यांनी याचा रीतसर अभ्यास केला. लवकर टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या ९६८ महिलांपैकी निम्म्या फॅमिली डॉक्टरांकडे आणि निम्म्या तज्ज्ञांकडे सोपवल्या. २००६ साली निकाल आला: रोग परत येण्यात आणि त्यातून होणाऱ्या गंभीर गुंतागुंतीत दोन्ही गटांत फरक नव्हता. तिथले फॅमिली डॉक्टर आणि आपले यांत फरक आहे, हे मान्य. म्हणूनच मी सगळं काम त्यांच्याकडे द्या असं म्हणत नाही, वाटून द्या म्हणतो. त्याच संशोधकांनी पुढे ४०८ महिलांवर नुसत्या लेखी योजनेचा उपयोग तपासला, तेव्हा २०११ साली दिसलं की तिने रुग्णांचा ताण काही कमी झाला नाही. पान हवंच, पण ते वाचून कामाला लागणारा माणूसही हवा.

तो माणूस कसा असतो, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली ग्रामीण भागासाठीची देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावांत स्वतः जात, बैठका घेऊन लक्षणं समजावून सांगत, संशयित रुग्णाला हॉस्पिटलात पाठवत आणि उपचारांनंतरही घरी जाऊन त्याची खबर ठेवत. कॉम्प्युटर घरोघरी नव्हते तेव्हा हे झालं. जुन्नर-आंबेगावात आज आशा आहेत, मोबाइल आहे, रस्ते आहेत.

काही लक्षणांत मात्र वाटणीचा विचारच करायचा नाही. पाठीत नवी, वाढती कळ आणि सोबत पायांतली ताकद जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं: मणक्यातल्या नसेवर दाब येत असू शकतो, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल. नव्याने आलेली फिट, उलट्यांसह डोकेदुखी, वाढती धाप, तोंडातून किंवा मानेतून भळभळ रक्त, यालाही तेच.

ज्यांचे उपचार पाच-दहा वर्षांपूर्वी संपले आणि असं पान कधी मिळालंच नाही, त्यांनीही ते आता मागावं. केस नंबर सापडला की हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून सारांश मिळण्याची शक्यता असते. लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांनी तर नक्कीच. अशा मुलांसाठी टाटा हॉस्पिटलने १९९१ सालीच वेगळं क्लिनिक सुरू केलं, कारण त्यांना पुढे साठ वर्षं जगायचं असतं आणि औषधांचे काही परिणाम तरुणपणी दिसतात. सहाव्या वर्षी ब्लड कॅन्सर झालेली मुलगी आज पंचवीस वर्षांची असेल, लग्न होऊन दिवस गेले असतील. लाल रंगाचं केमो, म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन, दिलेलं असेल तर हृदयाचे स्नायू कमकुवत झालेले असू शकतात, आणि गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो. माहेरच्यांनी ही गोष्ट सासरी दडवली असेल, तरी तिने नाव नोंदवताना सिस्टरला किंवा डॉक्टरांना एकांतात सांगावं: "मला लहानपणी केमो दिलं होतं." पहिल्या तिमाहीतच टू-डी इको करून घ्यावा, आणि बाळंतपण कुठे करायचं ते तो रिपोर्ट बघून ठरवावं.